दूरदर्शन आणि नेमणुकीचा अधिकार

दूरदर्शनचा विषय निघाला कीं, 'कार्यक्रम नीरस असतात' असें म्हणून आमचे सुशिक्षित लोक दुसरी वाहिनी लावतात आणि प्रश्न मिटला असें समजतात. आमच्या मतें मूळ प्रश्न कार्यक्रमांचा नसून ते करणाऱ्या माणसांच्या नेमणुकीचा आहे.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. विनायक चासकरांचा 'गजरा', आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' हे कार्यक्रम घरोघरीं आवडीनें पाहिले जात, तेव्हां दूरदर्शन उघडउघड सरकारी खातें होतें. स्वातंत्र्य बेताचेंच, पण नेमलेला निर्माता एका कामाला वर्षानुवर्षें चिकटून राहूं शके.

पुढें १९९० सालीं संसदेनें प्रसार भारतीचा कायदा केला. तो अमलांत येण्यास १९९७ साल उजाडावें लागलें. कायदा वाचतांना मन प्रसन्न होतें. अध्यक्षाची शिफारस राज्यसभेचे सभापति, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनीं नेमलेला एक गृहस्थ यांनीं करावयाची. आणि नोकर घ्यावयाचे ते भरतीमंडळाच्या सल्ल्यानें. आतां अंमल पाहा. तें भरतीमंडळ स्थापन झालें २०२० सालीं! कायद्यानेंच सांगितलेलें माणसें निवडण्याचें साधन जिच्यापाशीं दोन तपांजवळ नव्हतें, त्या संस्थेला स्वायत्त म्हणणें ही थट्टा नव्हे काय? मध्यंतरीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत घेतलेले नोकर हे सरकारचेच, येथें प्रतिनियुक्तीवर आलेले, असेंही ठरलें. नोकरांना आम्ही दोष देत नाहीं. म्हातारपणच्या पेन्शनची काळजी कोणाला नाहीं? परंतु ज्याची नोकरी सरकारची, त्याची नजर मंडी हाऊसच्याही पलीकडे मंत्रालयाकडे लागणार, हें उघड आहे.

आणि उरलेलें काम? तें 'कॅज्युअल' म्हणून महिन्यांतून मोजके दिवस बोलावलेल्या तरुणांच्या माथीं. पुढच्या महिन्याची ज्यांना शाश्वती नाहीं, त्यांनीं शेतकऱ्यांसाठीं वा मुलांसाठीं पांच वर्षांची मालिका आंखावी, ही अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडानें करावी?

'पैसा सरकारचा, मग माणसेंही सरकारचीं' असें कोणी म्हणेल. पैसा करदात्यांचा आहे. आणि ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालींच सांगितलें आहे. सह्याद्री वाहिनीला कायमचे मराठी निर्माते किती व केव्हां मिळणार, हें आमच्या खासदारांनीं संसदेंत विचारावें. उत्तर छापील व आकडेवार पाहिजे. 'बाब विचाराधीन आहे' एवढ्यावर आम्ही गप्प बसणार नाहीं.