समुद्राचा ताप कोण मोजणार?

बाळाचं अंग जरा कढत लागलं, की आपण लगेच थर्मामीटर लावतो. समुद्राचं अंग तापलं तर?

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे, डहाणूला १९९५ पासून कोळशावरचं. अशा केंद्रातल्या उष्णतेपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते. उरलेली बरीचशी, यंत्रं थंड करायला घेतलेल्या पाण्याबरोबर परत समुद्रात जाते. हे कोमट पाणी हलकं, त्यामुळे वर तरंगतं आणि भरती-ओहोटीबरोबर इकडेतिकडे सरकतं. त्यात प्राणवायूही कमी विरघळतो. मोठा मासा दूर जाईल एकवेळ, पण अंडी-पिल्लं कुठे जाणार?

पाणी कुठवर पसरेल याचं गणित संगणकावर आधीच मांडतात. भरती, वारा, प्रवाह सगळं धरून. चांगलंच आहे. पण पत्रिका जुळली म्हणजे संसार सुखाचा झाला का? १ जून १९९९ नंतरच्या औष्णिक केंद्रांमुळे समुद्राचं पाणी ७ अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये, असा नियम आहे. पण मोजायचं कुठे आणि केव्हा? थंडीत, भर भरतीला मोजलं तर सगळं गोडच दिसणार. वैशाखात, ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी मोजा ना!

मासळी कमी व्हायला ट्रॉलरही कारण आहेत, मान्य. म्हणून तर नीट मोजायला हवं. आणि ते आकडे दर महिन्याला मासळी बाजारातल्या फळ्यावर लिहा, मराठीत. बोंबील कमी आला की टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला ते आधी कळतं. तिचंही म्हणणं शेजारी लिहून घ्या.