प्रश्न नीट, तर उत्तर नीट

'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला आपल्याकडील कित्येक स्त्रिया 'नाही' असे उत्तर देतात. त्या खोटे बोलत नाहीत. त्या मिश्री लावतात. आणि मिश्री 'लावायची' असते, 'खायची' नसते! वास्तविक मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. पण कागदावर 'नाही'पुढे खूण होते आणि ती बाई धोक्याच्या यादीतून सुटते. रोग मात्र कागद पाहून येत नाही.

आरोग्य सर्वेक्षणातील प्रश्न ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला होय-नाहीचा. तो झटपट विचारता येतो, मोजणीही सोपी. मात्र विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या मनात शब्दाचा अर्थ एकच हवा. दुसरा नावे घेऊन विचारण्याचा : मिश्री? तपकीर? मावा? खर्रा? गुटखा? विडी? अशाने विसरलेले आठवते, पण यादीत नसलेले बाहेरच राहते. तिसरा मोकळा प्रश्न : 'सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय घालता, दातांना काय लावता?' इथे माणूस आपल्या शब्दांत बोलतो आणि आपल्याला न सुचलेलेही कळते. वेळ मात्र लागतो, आणि हजारो उत्तरांची वर्गवारी करणे जिकिरीचे होते.

प्रौढांमधील तंबाखू सेवनाचे जागतिक सर्वेक्षण भारतात २००९-१० आणि २०१६-१७ मध्ये झाले. त्यात पदार्थांची नावे घेऊन प्रश्न विचारले गेले. २०१६-१७ मध्ये पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले. धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट! नुसते 'विडी-सिगारेट ओढता का?' एवढेच विचारले असते तर यांपैकी बहुतेक जण निर्व्यसनी ठरले असते.

माझे स्पष्ट मत असे की, गावपातळीवर आधी मोकळा प्रश्न विचारावा, मग नावे घ्यावीत आणि शेवटी 'रोज किती वेळा?' हे विचारून आकडा लिहावा. 'कमी की जास्त?' असे विचारू नये. प्रत्येकाला आपले व्यसन कमीच वाटते. आणि हे प्रश्न सासू-सासऱ्यांसमोर नव्हे, थोडे बाजूला घेऊन विचारावेत.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणीचा फॉर्म घेऊन आशाताई दारी आल्या, तर 'नाही' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबा. मिश्रीची डबी फडताळात असेल तर ती सांगा. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा असेल किंवा तोंड पुरते उघडत नसेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.