लघवी थांबली तर वाट पाहू नका

औषधाची बाटली घरात आली की अर्धा आजार पळाला, असे आपण समजतो. पण त्याच बाटलीने निरोगी मूत्रपिंडे काही दिवसांत बंद पडू शकतात, हे अमेरिकेने १९३७ साली पाहिले.

टेनेसी राज्यातील मॅसेंगिल कंपनीने त्या वर्षी सल्फानिलामाइडचे गोड, पातळ औषध विकायला काढले. भुकटी विरघळावी म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल घातले होते. कारखान्यात रंग, वास आणि चव तपासली. विषाची परीक्षा केलीच नाही. कायदाही ती मागत नव्हता. रोग्यांना ओकाऱ्या झाल्या, पोट दुखले आणि मग लघवी बंद झाली. शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यांत पुष्कळ लहान मुले होती. सरकारी निरीक्षक बाटल्या शोधत गावोगाव हिंडले. १९३८ साली कायदा झाला : औषध निर्धोक असल्याचा पुरावा आधी, विक्री नंतर.

तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रोगी गेले, आणि २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने मुले गेली. तेव्हा कायदा हवाच. पण घरातील माणसांचे डोळेही उघडे हवेत.

वाचकहो, मूत्रपिंडाला अचानक इजा होते ती केवळ विषानेच नव्हे. जुलाब-वांत्यांनी शरीर सुकले, रक्तात जंतू पसरले, किंवा अशा आजारात वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तरीही ती होते. ही इजा बहुधा दुखत नाही. म्हणून खुणा ओळखा : लघवी फार कमी होणे, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, मळमळ, गुंगी, धाप. आजारी मुलाने आठ तास लघवी केली नाही, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. जी औषधे दिली त्यांच्या बाटल्या बरोबर न्या, फेकू नका. डॉक्टर रक्तातील क्रिएटिनिन तपासतील, घातक औषध थांबवतील, गरज असल्यास सलाइन देतील आणि प्रसंगी डायलिसिसवर ठेवतील.

वेळेवर उपचार मिळाले तर बंद पडलेली मूत्रपिंडे पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात. उशीर मात्र भरून निघत नाही. ताप किती, हे आपण विचारतोच. लघवी झाली का, हेही विचारू या.