सहा प्लगांची साक्ष

मागच्या महिन्यात या सदरात बॅटरीविषयी लिहिले होते. त्यावर खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारले आहे, "जुनी गाडी धूर टाकू लागली की मेस्त्री म्हणतो इंजिन गेले. आम्ही घरच्या माणसांनी ते मुकाट्याने ऐकायचे, की आम्हालाही काही बघता येते?" प्रश्न अगदी रास्त आहे. धूर बघून अर्धे कळते. गाडी पेट्रोलची असेल तर उरलेले अर्धे स्पार्क प्लग सांगतो, आणि तो बाहेर काढायला एक पाना पुरतो.

पेट्रोलची असे मुद्दाम म्हटले. टाटा किंवा लेलँडच्या डिझेल ट्रकात स्पार्क प्लग नसतोच, तिथे दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. काही डिझेल इंजिनांत हीटर प्लग असतो, पण ती वस्तू वेगळी, ती फक्त सकाळी गाडी सुरू करायच्या कामाची. मात्र पेट्रोलवर चालणारे जुने ट्रक आपल्या भागात अजून कुठेकुठे दिसतात. लष्कराच्या लिलावातून बाहेर आलेली निसान वन टन ही त्यातलीच. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली, सहा सिलिंडरची, ३९५६ सीसीची दणकट गाडी. पेट्रोल पिण्यात मात्र तिचा हात कोणी धरणार नाही. म्हणून बहुतेकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले. ज्यांनी मूळ इंजिन ठेवले, त्यांच्यापैकी एका घरची ही हकीकत आहे.

दोघे भाऊ, शेती एकत्र, गाडी एक. हंगामात भाजी भरून जांबोटीवरून चोर्ला घाटाने गोव्यात जायची. गाडी चालवायचा धाकट्याचा मुलगा, वय बावीस-तेवीस. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी निळा धूर टाकू लागली. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच निकाल दिला : रिंगा गेल्या, रिबोअर करा, सहाही पिस्टन बदला. आकडा ऐकून घरात भांडण पेटले. थोरल्यांचे म्हणणे, पोराने घाट उतरताना गिअर सोडला नाही, इंजिन कोकलवत नेले, त्यानेच ते खाल्ले. तेव्हा खर्च धाकट्याने एकट्याने करावा, नाहीतर गाडी भंगारात घालून वाटण्या कराव्यात. दोन चुली मांडायची भाषा तोवर त्या घरात कोणी केलेली नव्हती.

तिघेही माझ्याकडे आले तेव्हा धाकटे गप्प होते आणि मुलगा गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. थोरल्यांचे बोलणे मराठीत सुरू व्हायचे आणि राग चढला की कन्नडमध्ये संपायचे. "होगी भाळ बरतैतरी मेस्त्री, भाळ!" मी म्हटले, धूर येतो हे कबूल. तो कितव्या सिलिंडरातून येतो आणि कधी येतो, ते आधी बघू.

प्लग बघण्याची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर प्लग खोटे बोलतो. गॅरेजच्या दारात पंधरा मिनिटे नुसते इंजिन चालू ठेवून प्लग काढला तर चांगल्या इंजिनाचाही काळा दिसतो. म्हणून आम्ही गाडी जांबोटी रस्त्याला नेली, थोडे वजन टाकून एका चढावर दमाने ओढली, आणि चढ संपायच्या आत क्लच दाबून चावी बंद केली. इंजिन थंड होऊ दिले. प्लगच्या खळग्यातली धूळ फुंकून काढली, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. मग एकेक प्लग सोडवून जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याला सहा भोके पाडून त्यात ओळीने खोवला, रेडिएटरकडून एक ते सहा. हा पुठ्ठा महत्त्वाचा. क्रम चुकला की साक्षीदारांची अदलाबदल झाली म्हणून समजा.

आता बघायचे काय? प्लगच्या टोकाशी मधल्या काडीभोवती चिनी मातीचा पांढरा भाग असतो, त्याचा रंग. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा किंवा राखाडीकडे झुकणारा असेल तर त्या सिलिंडराचे बरे चालले आहे. कोरडी, बोटाने पुसली जाणारी काजळी, कन्नडमध्ये जिला आपण मसी म्हणतो, तशी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. तिथे इंजिन उघडायचे कारण नाही. एअर फिल्टर तुंबला आहे का, चोक अडकला आहे का, कार्ब्युरेटरचा फ्लोट वर राहिला आहे का ते बघावे. टोक पांढरेफटक, खरबरीत, फोड आल्यासारखे असेल तर उलटे : हवा जास्त, किंवा टायमिंग पुढे गेले आहे, आणि इंजिन तापते आहे. त्यावर चांदीसारखे बारीक कण दिसले तर गाडी तिथेच उभी करावी, ते पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. शेजारशेजारचे दोन प्लग धुतल्यासारखे लख्ख निघाले तर हेड गॅस्केटमधून पाणी शिरत असण्याचा संशय घ्यावा. नुसता पेट्रोलने भिजलेला निघाला तर तिथे ठिणगीच पडत नाही. प्लग, तार, टोपी नि डिस्ट्रिब्युटर क्रमाने तपासा. आणि काळा, पण ओला, चिकट, तेलकट असेल तर तिथे ऑइल जळते आहे.

पुठ्ठ्यावर पाच प्लग बिस्किटाच्या रंगाचे होते. पाचव्या क्रमांकाचा तेवढा तेलाने माखलेला.

थोरल्यांना मी एवढेच विचारले, सहाही रिंगा गेल्या असत्या तर पाच प्लग असे कोरडे कसे? ते वाकून बघत राहिले. तरी एका प्लगावर फैसला करू नये म्हणून कॉम्प्रेशन घेतले. पाच सिलिंडर १२० ते १२५ पौंडांच्या दरम्यान, पाचवा ११८. त्यात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा बघितले. रिंगा झिजलेल्या असतील तर हे ऑइल फट भरते आणि काटा चांगला वर चढतो. इथे तो जेमतेम हलला. म्हणजे पिस्टन-रिंगा धड होत्या. ऑइल खालून नव्हे तर वरून येत होते, पाचव्या सिलिंडराच्या इनलेट व्हॉल्व्हच्या गाइडमधून.

मग मुलाला विचारले, धूर नेमका कधी येतो? तो पहिल्यांदा बोलला. चढाला येत नाही. घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला की एकदम निळा भपकारा येतो, मग कमी होत जातो. हे तर झिजलेल्या गाइडचे ठरलेले लक्षण. गाडी गिअरमध्ये उतरते तेव्हा ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, इंजिन फिरत असते, त्यामुळे इनलेटमध्ये जोराची ओढ तयार होते आणि सैल गाइडमधून ऑइल खाली खेचले जाते. खाली पोचल्यावर पाय दिला की ते साचलेले ऑइल जळते. रिंगा गेलेली गाडी याच्या उलट, चढाला, ओझ्याखाली धूर टाकत राहते. गिअरमध्ये उतरल्याने धूर दिसला हे खरे, पण गाइड त्याने झिजत नाही, ते वर्षांच्या वापराने झिजते. चोर्ल्यासारख्या घाटात भरलेली गाडी न्यूट्रलवर सोडणारा ड्रायव्हर मला दाखवा, मी त्याच्या शेजारी बसणार नाही. आणि पोराने पाणी आटवून इंजिन भाजले असते, तर सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन असे जवळजवळ सारखे मिळाले नसते.

थोरले बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पुतण्याला पाण्याची बाटली आणायला पाठवले आणि तो लांब गेल्यावर भावाला म्हणाले, "हेडचं काम दोघांत करू." माफी वगैरे काही मागितली नाही. आपल्या घरांत ती तशी मागतातही कुठे!

हेड उतरवले, गाइड सगळीच ठोकून नवी बसवली, कारण हेड एकदा उतरल्यावर एकट्या पाचव्याचे करणे म्हणजे पुन्हा सहा महिन्यांनी तोच खटाटोप. गाइड उद्यमबागेतल्या एका लेथवर करून मिळाली. व्हॉल्व्ह सीटवर घासून घेतले, नवे गॅस्केट घातले. सगळा खर्च रिबोअरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत राहिला.

जुन्या पुस्तकांत प्लगच्या रंगांची चित्रे असतात, ती घरी असतील तर एक लक्षात ठेवा. ती बहुधा शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्याकडे फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगचा चांगला रंगही फिका झाला. आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचा त्यात वाटा आहे, पण इथेनॉलच्या वजनाचा तिसरा हिस्सा ऑक्सिजनचा असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण पातळ होते आणि सहाही प्लग जरा पांढुरके दिसतात. तेवढ्याने घाबरू नये. फोड नसतील आणि गाडी तापत नसेल तर जेट थोडे मोठे करून बघावे. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या मात्र तपासून घ्याव्यात, जुने रबर इथेनॉलला टिकत नाही.

प्लग परत बसवताना आधी हाताने आटे धरावेत, पाना शेवटी लावावा. पॉइंटच्या जुन्या इंजिनात फट साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, गाडीच्या पुस्तकात दिली असेल तीच धरावी. तार ओढून काढू नये, टोपी धरून काढावी. गॅरेजमध्ये प्लग बदलून घेतले तर जुने सहाही क्रमाने मागून घ्या आणि घरी उजेडात बघा.