पंचवीस हजारांचा लॅपटॉप

मध्य प्रदेशातील माध्यमिक शिक्षा मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यांत ४ जुलै २०२५ रोजी लॅपटॉपसाठी प्रत्येकी २५,००० रुपये जमा झाले. शासनाच्या या योजनेत यंत्र मिळत नाही, पैसे मिळतात. त्यामुळे निवडीचे स्वातंत्र्य लाभते, तशी निवडीची जबाबदारीही घरावर येऊन पडते. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात, शेजारच्या बहादरपुरात व आसपासच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांच्या घरी येणारा हा पहिलाच संगणक असतो. सल्ला विचारावा असे घरात कोणी नसते. मग दुकानदार सांगेल तेच प्रमाण ठरते. ही रक्कम पुन्हा मिळावयाची नसते. दुसऱ्याच वर्षी यंत्र अडून बसले, तर पदवीची उरलेली वर्षे मुलामुलींना मोबाईलच्या वीतभर पडद्यावर काढावी लागतात. म्हणून या खेपेस याच खरेदीविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली गोष्ट घाई न करण्याची. प्रवेश कोणत्या शाखेस मिळतो ते निश्चित होऊ द्यावे. कला, वाणिज्य किंवा विज्ञानाच्या पदवीसाठी लेखन, हिशेबाचे तक्ते, व्याख्याने पाहणे व अर्ज भरणे एवढेच काम बहुधा असते, आणि ते माफक किमतीच्या यंत्रावर सुखाने होते. अभियांत्रिकीचे आराखडे किंवा चित्रफितींचे संपादन करावयाचे असेल, तर मात्र पदरचे पैसे घालावे लागतील, हे आधीच ओळखावे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या आतली. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि साठवण म्हणजे कोठीची खोली, असे आमच्या गृहिणींनी समजावे. ओटा अरुंद असला म्हणजे कोठी कितीही भरलेली असून उपयोग नाही. रॅम ८ जीबीपेक्षा कमी घेऊ नये. विंडोज ११ ही प्रणाली ४ जीबीवर चालू होते खरी. परंतु चालू होणे निराळे आणि काम देणे निराळे. साठवण एसएसडी प्रकारची, निदान २५६ जीबीची असावी. जुन्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कने यंत्र उघडण्यातच वेळ जातो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले असल्यामुळे तोकड्या रॅमचे यंत्र ‘स्वस्त’ म्हणून गळ्यात पडण्याचा संभव अधिक आहे. रॅम पुढे वाढविता येते की ती पक्की जोडलेली आहे, हे अवश्य विचारावे.

तिसरी गोष्ट नव्याजुन्याची. २५,००० रुपयांच्या आसपास मिळणारे कोरे यंत्र बहुधा सेलेरॉनसारख्या हलक्या प्रोसेसरचे असते. त्याच किमतीत कचेऱ्यांतून तीन-चार वर्षे वापरून काढलेली, दुरुस्त करून विकावयास ठेवलेली यंत्रे मिळतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतील परिचित नावे. बांधणी भक्कम, कळफलक चांगला, आणि सुटे भाग सहसा मिळण्याजोगे. कोऱ्या डब्याचा मोह आवरता आला, तर साध्या वापरासाठी आमचे मत अशा यंत्राकडेच झुकते.

मात्र येथेच एक खड्डा आहे. विंडोज १० ची सुरक्षाविषयक नियमित डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ही इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवरच रीतसर चालते. विक्रेता नुसते ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणाला, तर तेवढ्यावर मान डोलावू नये. त्यापुढची संख्या वाचावी. ६२०० असेल तर ती सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी. आणि चार आकड्यांचा आरंभ १०, ११ वा १२ ने होत असेल, तर त्या त्या क्रमांकाची पिढी. हा हिशेब इंटेलपुरताच आहे. सहाव्या पिढीचे यंत्र पाच हजारांनी स्वस्त मिळाले, तरी ती बचत नव्हे.

दुकानात बसूनच प्रत्येक कळ दाबून पाहावी, कॅमेरा व वाय-फाय चालवून पाहावेत. बॅटरीचा अहवाल विंडोजमध्येच काढता येतो. त्यात मूळची क्षमता व आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजची क्षमता मूळच्या निम्म्यावर आली असेल, तर नवी बॅटरी मागावी. पक्के बिल व निदान सहा महिन्यांची लेखी हमी नसेल, तर सौदा करू नये. विक्रेता बऱ्हाणपूरचा असो वा जळगावचा, दुरुस्तीस जाऊन यावयाचे भाडे किमतीत धरूनच भाव ठरवावा.

यंत्र घरी आले की आपल्या गावाचे हवामान ध्यानी घ्यावे. निमाड-खानदेशचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. शिवाय यंत्रमागाच्या घरात कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, आणि लॅपटॉपचा पंखा ते आत ओढून घेतो. झरोके बुजले की यंत्र तापते आणि मंदावते. गादीवर वा रजईवर ते कधीही ठेवू नये. टेबलावर ठेवावे, व वर्षातून एकदा आतला पंखा जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा.

शेवटची गोष्ट पैशांची नव्हे, पण आम्हांस तितकीच महत्त्वाची वाटते. विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीपासूनच असतो. तो चालू करण्यास काही पडत नाही. इन्स्क्रिप्ट पद्धत शिकल्यास हिंदी व मराठी दोन्हींचे लेखन एकाच बोटवळणाने साधते. हिंदी शाळांत शिकणाऱ्या आमच्या मुलांच्या लेखणीतून ‘ळ’ हळूहळू निसटत चालला आहे. केळीच्या या मुलखात ‘केळी’ची ‘केली’ होऊन बसते. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ल’च्याच कळेवर, शिफ्ट दाबून, ‘ळ’ उमटतो. यंत्र घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांनी आजी-आजोबांना शेजारी बसवून घराण्याच्या चार आठवणी मराठीत उतरवून घ्याव्यात. कळफलकाची चाचणीही होईल, आणि जे आजवर कोणी लिहून ठेवले नाही ते जपले जाईल.