पॅच लागला, टिकेट बंद, डेटाचं काय?

पोस्टग्रेसची १४वी आवृत्ती ३० सप्टेंबर २०२१ रोजी आली. तिच्यासोबत आलेला एक दोष पुढे साडेआठ महिने तिच्यात नांदला. त्याने सर्व्हर पडत नव्हता, लॉगमध्ये एरर येत नव्हती. असले दोषच मला जास्त धास्तीचे वाटतात. पडलेला सर्व्हर निदान आरडाओरडा तरी करतो.

चालू टेबलावर इंडेक्स बांधताना लिहिणाऱ्यांना अडवून ठेवणं परवडत नाही, म्हणून डीबीए मंडळी ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ वापरतात. १४मध्ये त्यात एक सुधारणा झाली: असं बांधकाम तासन्‌तास चाललं, तरी जुन्या ओळींचा कचरा काढणाऱ्या व्हॅक्यूमने त्याच्यासाठी खोळंबून राहू नये. हेतू चांगलाच होता. पण त्यापायी, बांधकाम चालू असताना बदललेल्या काही ओळींची इंडेक्समध्ये नोंदच होत नसे. मतदान केंद्रावर होतं तसं. माणूस गावातच राहतो, पण यादीत नाव नाही. इंडेक्समार्गे शोधलं तर ओळ सापडत नाही, अख्खं टेबल वाचलं तर सापडते. मग एक स्क्रीन ‘ग्राहक आहे’ म्हणते आणि दुसरी ‘नाही’. इंडेक्स युनिक असेल तर आणखी पंचाईत, कारण आधीची नोंद त्याला दिसत नाही आणि तो दुसरी खुशाल आत घेतो.

नेहमीच्या तिमाही वेळापत्रकाची वाट न पाहता १६ जून २०२२ रोजी १४.४ काढली गेली. गोम पुढेच आहे. १४.४ लावल्यावर नवे इंडेक्स नीट बांधले जातात, पण आधी बिघडलेले तसेच राहतात. ते हुडकून पुन्हा बांधायचं काम तुमचं. रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं. पण रात्रीच्या चेंज विंडोत रिलीज नोट्स वाचतो कोण? आपल्याकडे आवृत्तीचा आकडा बदलला की दोष गेला असं धरतात. ऑडिटरही तोच आकडा विचारतो आणि समाधानाने पुढच्या ओळीवर जातो.

कधीकधी तर डेटाबेसला हातही लागलेला नसतो. ऑगस्ट २०१८मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ आवृत्ती आली आणि अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले. इंग्रजी लोकॅलमध्ये आधी ‘११’ पुढे आणि ‘१-१’ मागे लागे, ते उलटं झालं. डेबियन १० आणि रेड हॅट ८ याच आवृत्तीवर आहेत. ऑपरेटिंग सिस्टम बदलली, डेटाची डिस्क तीच जोडली, म्हणजे जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स आता नव्या क्रमाने वाचला जाणार. जुन्या सर्व्हरवरून नव्या लिनक्सवरच्या रेप्लिकावर उडी मारणाऱ्यांचंही हेच होतं; फिजिकल रेप्लिकेशन इंडेक्स आहे तसाच उचलून नेतं.

यावर ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी माझं जमत नाही. मात्र त्यांना दारूगोळा अधूनमधून मिळतो, हे खरं. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेल्या १७.१ने पीएल/पर्लमधलं सुरक्षेचं भगदाड बुजवलं. पण तिच्यात एका अंतर्गत रचनेचा आकार बदलला आणि टाइमस्केलडीबीसारख्या, आधीच्या आवृत्तीवर कंपाइल केलेल्या एक्स्टेंशनच्या मुळावर आला. आठवड्यात, २१ नोव्हेंबरला, १७.२ काढावी लागली. अशा वेळी भगदाड आपल्या घराला आहे का, एवढं बघावं. पीएल/पर्ल बसवलेलंच नसेल तर आठवडाभर थांबायला हरकत नव्हती. असेल तर एक्स्टेंशन चाचणी सर्व्हरवर चालवून बघायचं आणि पॅच लगेच लावायचा.

गंमत म्हणजे, ज्या १४ने तो इंडेक्सचा दोष आणला, तिनेच पीजी-अ‍ॅमचेक हे तपासणीचं साधनही आणलं. ‘हीपऑलइंडेक्स्ड’ हा पर्याय लावून चालवलं, की टेबलातल्या ओळी इंडेक्समध्ये आहेत की नाहीत ते कळतं. मोठ्या टेबलांवर वेळ खातं, म्हणून बॅकअपवरून उभ्या केलेल्या प्रतीवर चालवावं. बॅकअप खरंच उभा राहतो का, तेही त्यात कळून जातं. पण हे तास कोणी धरतच नाही. क्लायंटला दाखवलेल्या आराखड्यात अपग्रेड शनिवारी रात्री सुरू होऊन रविवारी पहाटे संपलेलं असतं. माझी मागणी छोटी आहे. चेंजच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवा: कोणते इंडेक्स तपासले, कोणी, कधी. तो रिकामा असेल तोवर मॅनेजरने टिकेट बंद करू नये.