मोहाखालची आग

मार्चच्या अखेरीस गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा बोगद्याच्या आसपास रेल्वेच्या खिडकीतून डोंगर पाहिले, तर उतारांवर काळे डाग दिसतात. प्रत्येक डागाच्या मध्यावर एक मोहाचं झाड. खालचा पालापाचोळा कुणीतरी मुद्दाम जाळलेला असतो, कारण आता फुलं गळणार असतात.

मोहाचं फूल तोडावं लागत नाही. रात्री वटवाघळं येऊन जातात, पहाटे फुलाचा मांसल, पिवळट पाकळीभाग सुटतो आणि दोन-तीन तास टपटपत राहतो. ऊन चढेपर्यंत टोपली भरली तर ठीक, नाहीतर हरणं आणि गुरं उरलेलं संपवतात. ओंजळीत घेतलेलं ताजं फूल द्राक्षासारखं गार लागतं. वास मात्र असा, की हात धुतला तरी दुपारपर्यंत जात नाही. वाळल्या पानांत पडलेलं फूल शोधायला वेळ जातो, त्याला पानाचा चुरा चिकटतो आणि खरेदीला येणारा कोचिया भाव पाडतो. शिवाय पाचोळ्यात साप दिसत नाही. अस्वलालाही मोह आवडतो आणि तेही पहाटेच येतं. त्यामुळे आधीच जमीन मोकळी करून ठेवण्याला अडाणीपणा म्हणणाऱ्याने एकदा पहाटे चारला त्या झाडाखाली उभं राहून पाहावं.

पण आग लावू नका, हे वनरक्षकाचं म्हणणंही खोटं नाही. १९२७च्या वन कायद्याने राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरवलं आहे, आणि त्यामागे केवळ सरकारी खाक्या नाही. झाडाखाली लावलेली आग झाडाखालीच थांबेल याची हमी दुपारचा वारा देत नाही. ८ एप्रिल २०२१ रोजी याच जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना तीन वनमजूर मेले. तो वणवा मोहामुळे लागला असं आम्ही म्हणत नाही. वाढलेली आग विझवायला कुणाला जावं लागतं, एवढंच त्यातून कळावं.

इथला खडकही विसरता येत नाही. हे डोंगर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे नव्हेत. याच परिसरातल्या बिजली गावावरून भूशास्त्रात ‘बिजली रायोलाइट’ म्हणून ओळखला जाणारा, दोनशे कोटी वर्षांहून जुना ज्वालामुखी खडक इथे आहे. त्याच्यावर माती बेताचीच. पाचोळा जळाला की जूनच्या पहिल्या सरीला त्या मातीवर आडोसा राहत नाही. मार्चमध्ये मुसळी आणि कळलावीचे कंद जमिनीखाली झोपलेले असतात, हलकी आग त्यांच्यावरून निघून जाते; पावसात ती रोपं पुन्हा वर येतात. मोहाचं कोवळं रोपटं मात्र जळतं. फुलं वेचल्याने मोहाचं काही बिघडत नाही. पण टोळी, म्हणजे मोहाचं फळ, तेलासाठी जाते, उरलेल्या बिया लवकर मरतात, त्यातून उगवलेलं गुरं खातात, आणि वाचलेलं पुढच्या वर्षीच्या आगीत संपतं. म्हातारी झाडं भरपूर आणि पोरं नाहीत, असं रान फार दिवस पुरत नाही. आगीविरुद्धची ही सगळ्यात वजनदार बाजू, आणि ती जंगल खात्यापेक्षा मोह वेचणाऱ्यांच्याच हिताची आहे.

मग बंदी? मोहाच्या बाबतीत सरकारी बंदीचा इतिहास बरा नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्यापासून मोहफूल घरात ठेवणाऱ्याकडे चोरासारखं पाहिलं गेलं. वाहतूक आणि साठवणुकीवरची बंधनं राज्याने उठवली ती २०२१ मध्ये. २०२०ला केंद्राने वाळल्या फुलाचा हमीभाव किलोला १७ रुपयांवरून ३० केला. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. इतकं सगळं देऊन झाल्यावर पुन्हा काडेपेटीसाठी माणसाला चौकीत बसवायचं, हे काही जमत नाही.

झाडाखाली जाळी बांधणे हा उपाय सगळे सांगतात. तो चांगलाच आहे, सपाटीवर. दरेकसाच्या खडकाळ उतारावर खांब रोवायचा कुठे? तिथे खराट्याने झाडून पाचोळा कडेला ओढणं, जुन्या साड्या पसरणं हेच चालेल, आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ बाईचा असतो, याची नोंद कुठल्या परिपत्रकात नसते.

आमचा कौल आगीविरुद्ध आहे, पण दंडाच्या बाजूने नाही. सपाटीवरच्या झाडांना जाळी आणि उतारावर झाडलोटीची मजुरी सरकारने द्यावी. जिथे जाळणं टळतच नाही, तिथे ग्रामसभेने झाडं आणि दिवस ठरवावेत. पहाटे, वारा पडलेला असताना, आधी जाळरेषा काढून, आणि विझेपर्यंत माणूस तिथेच थांबवून. प्रत्येक शिवारात मोहाच्या काही रोपांना काट्याचं कुंपण घालावं. इथल्याच कचारगडच्या गुहेकडे माघ पौर्णिमेला, आदिगुरू मानल्या जाणाऱ्या पारी कुपार लिंगोच्या दर्शनाला लाखांनी गोंड समाज येतो, आसपासच्या राज्यांतूनही. मोह गळायला तेव्हा महिनाच उरलेला असतो. ही बोलणी करायला त्याहून चांगली जागा आणि वेळ नाही. जाळ्यांची खरेदीही तेवढ्यात उरकायला हवी; एप्रिलमध्ये निविदा निघाली, तर जाळी येईपर्यंत झाडावर टोळी धरलेली असेल.